पँथरांच्या घरातला कॅमेरा : स्टीफन शेम्स आणि बॉबी सील यांचा छायाचित्रग्रंथ

अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात न्यायालयासमोर एक पुतळा आहे आणि १ मे १९७० रोजी त्या पुतळ्यावर दोन मुलगे चढून बसले आहेत. त्यांतल्या एकाने मूठ आवळून हात वर केला आहे. ज्याच्यासाठी ही मूठ उचलली गेली तो ब्लॅक पँथर पक्षाचा सहसंस्थापक बॉबी सील त्या दिवशी खटल्याची वाट पाहत कोठडीत होता, त्यामुळे तो या फोटोत नाही. त्याला अटक करणारे नाहीत, त्याच्यावर आरोप ठेवणारे नाहीत आणि वॉशिंग्टनमध्ये बसून त्याच्या संघटनेच्या फायली चाळणारेही नाहीत. फोटोत केवळ दोन पोरे आणि एक पुतळा आहे. तरीही ब्लॅक पँथर चळवळीवर अमेरिकी सरकारने काय केले हे कोणी मला विचारले, तर मी सर्वांत आधी हाच फोटो दाखवीन.

फोटो स्टीफन शेम्स यांचा आहे. शेम्स आणि सील यांनी मिळून केलेला ‘पॉवर टू द पीपल : द वर्ल्ड ऑफ द ब्लॅक पँथर्स’ हा ग्रंथ २०१६ साली, म्हणजे पँथरांच्या स्थापनेला ५० वर्षे झाली तेव्हा, न्यूयॉर्कच्या एब्रम्स या प्रकाशनसंस्थेने काढला. मी तो परदेशी पुस्तके मागवून देणाऱ्या एका विक्रेत्याकडून घेतला. यायला महिना लागला, आणि पातळ खोक्यात नीट न गुंडाळता पाठवल्यामुळे पुठ्ठ्याचा एक कोपरा चेपूनच हातात पडला. एवढी किंमत मोजल्यावर असा कोपरा मनाला लागतो, पण तो दोष ग्रंथाचा नव्हे. ग्रंथ कडक पुठ्ठ्याच्या बांधणीचा, अडीचशेहून अधिक पानांचा आहे. अंथरुणात पडून वाचण्याचा नव्हे, टेबलावर उघडून बसण्याचा आहे. त्यात शेम्स यांची कृष्णधवल छायाचित्रे आहेत आणि त्यांच्या सोबतीला सील यांचे कथन व पक्षातल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणी आहेत. मी वर्षभर तो अधूनमधून उघडत आलो आहे आणि त्याविषयी माझे मत आता बऱ्यापैकी स्थिर झाले आहे: चळवळीच्या आतल्या जगण्याचा असा दस्तऐवज क्वचित मिळतो, पण दडपशाहीचा दस्तऐवज म्हणून हा ग्रंथ पाहायचा असेल, तर चौकटीत जे नाही ते शोधण्याची तयारी ठेवावी लागते.

मराठी वाचकाला ‘पँथर’ हा शब्द नवा नाही, तरी मूळ संघटनेची ओळख थोडक्यात करून देणे भाग आहे. ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोघांनी ‘ब्लॅक पँथर पार्टी फॉर सेल्फ डिफेन्स’ स्थापन केली. दोघेही तिथल्या मेरिट कॉलेजात एकमेकांना भेटलेले. काळ्या बिबट्याचे चिन्ह त्यांनी घेतले ते अलाबामा राज्यातल्या लाउंड्स काउंटीमधील कृष्णवर्णीयांच्या एका राजकीय संघटनेकडून. दहा कलमी कार्यक्रमात काम, घर, शिक्षण, न्याय अशा मागण्या होत्या आणि पोलिसांचा अत्याचार थांबवण्याची मागणी ठळक होती. सुरुवातीचे त्यांचे काम म्हणजे पोलिसांच्या गाड्यांवर नजर ठेवणे. पोलीस एखाद्या कृष्णवर्णीय माणसाला अडवताना दिसले की थोड्या अंतरावर, कायद्याने परवानगी असलेल्या पद्धतीने, भरलेली बंदूक उघडपणे हातात घेऊन उभे राहायचे आणि अडवलेल्या माणसाला त्याचे हक्क मोठ्याने सांगायचे. म्हणून मग उघडपणे बंदूक बाळगू देणारा राज्याचा कायदाच बदलण्याचे घाटले. त्या विधेयकाच्या निषेधार्थ २ मे १९६७ रोजी सुमारे ३० पँथर बंदुका घेऊन सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरले. त्या दिवशी राज्यपाल रोनाल्ड रेगन यांच्यासाठी जमलेल्या वार्ताहरांना आयतेच फोटो मिळाले, आणि ते देशभर पोहोचले. विधेयक मंजूर झाले, रेगन यांनी त्यावर सही केली, आणि पँथर म्हणजे काळी टोपी, काळे चामडी जाकीट आणि बंदूक हे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले.

हे समीकरण निव्वळ विरोधकांनी रचले असे म्हणणे मात्र खोटे ठरेल. वेताच्या मोठ्या खुर्चीत, एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात भाला घेऊन बसलेल्या न्यूटनचा जो फोटो जगभर गेला, तो पक्षाचा ‘माहितीमंत्री’ एल्ड्रिज क्लीव्हरने मुद्दाम जुळवून आणलेला होता. आपण कसे दिसतो याचे भान पँथरांना पुरेपूर होते. एमरी डग्लस हा त्यांचा ‘संस्कृतिमंत्री’; पक्षाच्या साप्ताहिकातली त्याची चित्रे आजही पोस्टर म्हणून विकली जातात. तेव्हा कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याची कला ज्यांना चांगली साधली आहे अशा लोकांचे, ते कॅमेरा विसरले असतानाचे फोटो मिळवणे हे अवघड काम होते आणि ते शेम्स यांनी केले.

शेम्स तेव्हा बर्कलीच्या विद्यापीठातला विशीतला गोरा विद्यार्थी. १५ एप्रिल १९६७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत व्हिएतनाम युद्धाविरोधी मोठी निदर्शने झाली, तिथे सील आणि न्यूटन माओचे लाल पुस्तक विकत होते. चायनाटाउनमधून स्वस्तात उचललेली ही पुस्तके विद्यार्थ्यांना विकायची आणि नफ्यातून बंदुका घ्यायच्या, असा त्यांचा त्या काळातला धंदा होता. सील यांनी तो पुढे मोठ्या मिश्किलपणे सांगितला आहे. तिथे शेम्स यांनी त्यांचा फोटो काढला, ओळख झाली, आणि पुढची सहा वर्षे, म्हणजे १९७३ पर्यंत, पक्षाची कार्यालये, घरे, शाळा, अंत्ययात्रा अशा ठिकाणी त्यांना मुक्तद्वार मिळाले. कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेने एका गोऱ्या पोराला इतके आत का घेतले, हा प्रश्न कोणालाही पडेल. गोऱ्या समविचारी लोकांशी आघाडी करण्याला पँथरांचा विरोध नव्हता, हे त्याचे एक उत्तर. दुसरे उत्तर फोटोंमध्येच आहे: कॅमेरा कुठेही वरून पाहत नाही, टेहळत नाही, समोरच्याच्या उंचीवर असतो.

एका पोलिसाच्या मृत्यूप्रकरणी झालेली शिक्षा रद्द होऊन ऑगस्ट १९७० मध्ये न्यूटन तुरुंगाबाहेर आला, त्यानंतरचा एक फोटो पाहावा. उघड्या अंगाने उभा असलेला न्यूटन बॉब डिलनच्या गाण्यांच्या तबकडीचे वेष्टन हातात धरून आहे. ‘ह्यूईला मुक्त करा’ ही घोषणा जवळपास तीन वर्षे ज्याच्या नावाने दिली गेली, ज्याचा चेहरा भिंतीभिंतीवर होता, तो माणूस घरी गाणी ऐकतो आहे, एवढेच. वेताच्या खुर्चीतला फोटो आणि हा फोटो शेजारी ठेवले की शेम्स यांच्या कामाची जात कळते. ओकलंडच्या डीफ्रेमरी पार्कमधल्या सभांचे फोटो याहून प्रसिद्ध आहेत: टोप्या घालून ओळीत उभे राहिलेले तरुण, भाषण करणारी कॅथलीन क्लीव्हर, अँजेला डेव्हिस. त्यांतली शिस्त डोळ्यांत भरते. मात्र मला ते थोडे कमी आवडतात, कारण तिथे पँथर जे दाखवू इच्छितात तेच आपण पाहतो.

आमच्या शेजारी राहणारे एक काका तरुणपणी वरळीला दलित पँथरच्या सभांना जात असत. त्यांना मी हा ग्रंथ पाहायला दिला. त्या ओळीत उभ्या राहिलेल्यांच्या फोटोवर ते बराच वेळ थांबले आणि म्हणाले, “यांच्या सगळ्यांच्या पायात बूट आहेत.” नंतर पान उलटून म्हणाले, “आमचा मोर्चा चपलांचा होता.” चळवळींच्या तुलनेवर मी बरेच काही वाचले आहे, पण फोटो इतक्या नेमकेपणाने वाचलेला पाहिला नव्हता.

दलित पँथरशी असलेला हा धागा कल्पनेतला नाही. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संघटना उभी केली तेव्हा नाव ओकलंडहून आले, आणि १९७३ च्या जाहीरनाम्यात ब्लॅक पँथरांच्या लढ्याशी आपले जवळचे नाते असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. त्याच जाहीरनाम्यात ब्लॅक पँथरमधून ब्लॅक पॉवर उदयाला आली अशा अर्थाचे विधान आहे. प्रत्यक्षात क्रम उलटा होता, कारण ‘ब्लॅक पॉवर’ची घोषणा नागरी हक्क चळवळीतला तरुण नेता स्टोकली कारमायकेलने पँथरांच्या स्थापनेआधी काही महिने दिली होती. पण बातम्या साप्ताहिकांतून तुकड्यातुकड्याने येत होत्या त्या काळात ही चूक कोणाचीही झाली असती. चूक बाजूला ठेवली तर उरते ती विलक्षण वेळ: मुंबईत पँथर जन्मत होता तेव्हा अमेरिकेतला पँथर देशभरची कार्यालये आवरून ओकलंडला परतत होता. इथे नाव पोहोचले तेव्हा तिथे काय काय घडून गेले होते, हे या ग्रंथाच्या उत्तरार्धातून उमगते. जानेवारी १९७४ मध्ये वरळीची दंगल झाली आणि मोर्चावर टाकलेल्या दगडी पाट्याने भागवत जाधव या तरुण कार्यकर्त्याचा जीव गेला. काका त्या दिवसांविषयी बोलतात तेव्हा त्यांच्याकडे दाखवायला एकही फोटो नसतो. त्यांच्या चळवळीला सहा वर्षे सोबत राहणारा कॅमेरा लाभला नाही, ही खंत हा ग्रंथ पाहताना मनातून जात नाही.

ग्रंथातला सर्वांत भरीव भाग लोकोपयोगी कामांच्या फोटोंचा आहे. जानेवारी १९६९ मध्ये ओकलंडच्या सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये शाळकरी मुलांसाठी मोफत न्याहारी सुरू झाली आणि त्याच वर्षी ती देशभरातल्या शाखांमध्ये पसरली. पुढे मोफत दवाखाने आले, सिकलसेल या रक्तविकाराची तपासणी आली, शाळा आली. मार्च १९७२ मध्ये एका मेळाव्यात दहा हजार पिशव्या वाणसामान वाटण्याचा संकल्प होता आणि प्रत्येक पिशवीत एक अख्खी कोंबडी. पिशव्यांवर पँथरचे चित्र छापलेले होते. त्या पिशव्या घेऊन निघालेल्या माणसांचे शेम्स यांनी काढलेले फोटो पाहताना आपल्याकडच्या राजकीय पक्षांचे शिधावाटप आठवल्यावाचून राहत नाही. फरक एवढाच, की सरकारला या पिशव्यांची खरीखुरी भीती वाटत होती. एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपासयंत्रणेचे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांनी १९६९ साली न्याहारीचा उपक्रम हेच पँथरांचे सर्वांत प्रभावी आणि म्हणून सर्वांत धोकादायक काम असल्याचे आपल्या अधिकाऱ्यांना लिहून कळवले होते. बंदूक धरणाऱ्याला गुंड ठरवता येते. सकाळी सहाला उठून मुलांना वाढणाऱ्याला काय ठरवायचे, ही अडचण होती. हे कळले की टेबलाशी बसून खाणाऱ्या मुलांचे साधे फोटो वेगळे दिसू लागतात. दडपशाहीचे कारण त्या ताटात आहे.

खुद्द दडपशाही मात्र फोटोत सहसा येत नाही, कारण तिची रचनाच तशी होती. एफबीआयने १९५६ मध्ये कम्युनिस्टांविरुद्ध सुरू केलेली ‘कॉइंटेलप्रो’ ही गुप्त मोहीम ऑगस्ट १९६७ मध्ये कृष्णवर्णीय संघटनांकडे वळवली. पुढे सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने १९७५-७६ मध्ये चौकशी केली तेव्हा कृष्णवर्णीय संघटनांविरुद्ध मंजूर झालेल्या २९५ कारवायांपैकी २३३ एकट्या पँथरांविरुद्ध असल्याचे उघड झाले. या कारवाया म्हणजे काय? शिकागोतल्या एका टोळीच्या म्होरक्याला निनावी पत्र, की पँथर तुझा जीव घ्यायला टपले आहेत. लॉस एंजेलिसमधल्या प्रतिस्पर्धी संघटनेला डिवचणारी व्यंगचित्रे. आणि त्या वैरातून जानेवारी १९६९ मध्ये विद्यापीठाच्या आवारात जॉन हगिन्स आणि बंची कार्टर या पँथर नेत्यांचा गोळ्या घालून खून. न्यूटन आणि परदेशात आश्रयाला गेलेला एल्ड्रिज क्लीव्हर यांच्यात फूट पाडणारी बनावट पत्रे. आणि १९७१ मध्ये पक्षाचे उघड दोन तुकडे. पत्र टाइप करणाऱ्या कारकुनाचा फोटो कोण काढणार? हे सारे उजेडात आले तेही कॅमेऱ्यामुळे नव्हे. मार्च १९७१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया या गावी एफबीआयच्या छोट्याशा कार्यालयाचे कुलूप काही सामान्य नागरिकांनी तोडले आणि फायली पळवून वर्तमानपत्रांना पाठवल्या, तेव्हा कॉइंटेलप्रो हा शब्द पहिल्यांदा बाहेर आला.

न्यायालयात काय झाले तेही फोटोत नाही. १९६८ च्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनावेळच्या निदर्शनांवरून शिकागोत खटला चालला, त्यात ऑक्टोबर १९६९ मध्ये आपला वकील आपल्याला मिळावा, नाहीतर स्वतःची बाजू स्वतः मांडू द्यावी असा आग्रह धरल्याबद्दल न्यायाधीश ज्युलियस हॉफमन यांनी बॉबी सील यांना खुर्चीला बांधून तोंडात बोळा कोंबण्याचा आदेश दिला. न्यायालयात कॅमेऱ्याला बंदी होती, म्हणून त्या दृश्याची केवळ चित्रकारांनी हातांनी काढलेली रेखाटने उरली आहेत. ज्याच्यावर हे गुदरले तोच या ग्रंथाचा सहलेखक असल्यामुळे ही उणीव शब्दांनी भरून निघते, आणि त्यांचे कथन ग्रंथात नसते तर फोटोंचे निम्मे वजन गेले असते असे मला वाटते. सील यांची सांगण्याची तऱ्हा ऐसपैस आहे. स्वतःच्या वाट्याचे श्रेय ते सोडत नाहीत, पण रडगाणे गात नाहीत.

याच काळातली एक घटना शेम्स यांच्या कॅमेऱ्यापासून दूर घडली, पण फोटो आणि दडपशाही यांच्या नात्याविषयी ती जे सांगते त्यासाठी इथे सांगावी लागेल. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे शिकागोत सरकारी वकील एडवर्ड हॅनरहन यांच्या हुकमतीखालच्या पोलिसांनी पँथरांच्या घरावर छापा घातला. पक्षाच्या इलिनॉय शाखेचा प्रमुख, २१ वर्षांचा फ्रेड हॅम्प्टन बिछान्यातच मारला गेला आणि त्याच्यासोबत मार्क क्लार्क हा कार्यकर्ताही. घराचा नकाशा एफबीआयचा खबऱ्या विल्यम ओ’नील याने पुरवला होता. पोलिसांनी तुंबळ चकमक झाल्याचे सांगितले आणि पुरावा म्हणून फोटो दिले. शिकागोच्या एका मोठ्या वर्तमानपत्राने ते छापले. दरवाजावर दिसणारे काळे ठिपके म्हणजे आतून झाडलेल्या गोळ्यांची भोके, असे त्या फोटोंविषयी सांगण्यात आले. दुसऱ्या वर्तमानपत्राचे वार्ताहर त्या घरात जाऊन पाहतात तो काय, ते ठिपके खिळ्यांची डोकी होती. पोलिसांनी घराला सील ठोकले नव्हते, म्हणून पँथरांनी घर खुले ठेवले आणि हजारो लोक रांगा लावून त्या खोल्यांमधून फिरले. झाडल्या गेलेल्या ८० ते १०० गोळ्यांपैकी पँथरांची फक्त एक, असे पुढच्या तपासात निघाले. हॅम्प्टनचे प्रेत उचलून नेताना हसणाऱ्या पोलिसांचाही एक फोटो आहे. तो कितीही वेळा पाहिला तरी डोळा तिथे ठरत नाही. १९८२ मध्ये सरकारी यंत्रणांनी मिळून साडेअठरा लाख डॉलरची भरपाई दिली. खिळे फोटोत खोटे नव्हते. खोटे होते ते फोटोखालचे शब्द. शेम्स यांच्या ग्रंथात फोटोंना इतक्या माणसांच्या साक्षी का जोडल्या आहेत, ते या खिळ्यांमुळे नीट समजते.

दडपशाहीचा थेट फोटो निघतो तो करणाऱ्याला त्याची लाज वाटत नसेल तेव्हा. ३१ ऑगस्ट १९७० रोजी फिलाडेल्फियात पोलीस आयुक्त फ्रँक रिझो यांच्या माणसांनी पँथरांच्या कार्यालयांवर छापे घालून तरुणांना भर रस्त्यात भिंतीकडे तोंड करून उभे केले आणि झडतीच्या नावाखाली त्यांचे कपडे उतरवले. वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराने ते टिपले. हेतू नामुष्कीचा होता, पण फोटो उलटला: पुढच्याच आठवड्यात त्या शहरात पँथरांनी बोलावलेल्या अधिवेशनाला हजारो लोक आले. याच्या नेमकी विरुद्ध बाजू अर्नेस्ट विदर्स यांची. मेम्फिसच्या या कृष्णवर्णीय छायाचित्रकाराने नागरी हक्क चळवळीचे काही अजरामर फोटो काढले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर २०१० मध्ये उघड झाले की ते एफबीआयला माहिती पुरवत होते. कॅमेरा आत आला की तो कोणाचा, हा प्रश्न त्या काळात जिवावरचा होता. शेम्स यांच्याविषयी असा डाग नाही, म्हणूनही त्यांच्या फोटोंतली मोकळीक मोलाची वाटते.

जॉर्ज जॅक्सनच्या अंत्यविधीचे फोटो हा या ग्रंथाचा कळस आहे. कैदेत असतानाच लेखक म्हणून गाजलेला जॅक्सन २१ ऑगस्ट १९७१ रोजी सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात पहारेकऱ्यांच्या गोळीने मेला आणि आठवड्याभराने सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये त्याला निरोप देण्यात आला. हे तेच चर्च, जिथे अडीच वर्षांपूर्वी मुलांची न्याहारी सुरू झाली होती. आता तिथे बंदुका घेऊन पँथर पहारा देत उभे आहेत. ग्रंथ कुठेही ओरडून सांगत नाही की ही एकच वास्तू आहे; वाचकाने मागची पाने उलटून स्वतः जुळवायचे. मला मांडणीतला हा संयम फार आवडला, जरी पहिल्या वाचनात तो माझ्या नजरेतून पूर्णपणे निसटला होता. मृत्यूची ही रांग पक्षाच्या पहिल्या सदस्यापासून सुरू होते: बॉबी हटन, पक्षाचा खजिनदार, एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर दोन दिवसांनी ओकलंड पोलिसांच्या गोळ्यांनी मेला तेव्हा १७ वर्षांचा होता.

आता तक्रारी. साक्ष देणारे पक्षाचे आणि फोटो काढणारा पक्षाचा मित्र, त्यामुळे आतला अंधार या ग्रंथात अंधुकच राहतो. मे १९६९ मध्ये न्यू हेवनमध्ये ॲलेक्स रॅक्ली या सदस्यावर तो खबऱ्या असल्याचा संशय घेऊन पक्षातल्याच लोकांनी त्याचा छळ केला आणि शहराबाहेर नेऊन त्याला ठार मारले. सील आणि पक्षाच्या तिथल्या शाखेच्या नेत्या एरिका हगिन्स यांच्यावरचा खटला याच खुनाचा होता. ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि मे १९७१ मध्ये दोघांवरचे आरोप काढून टाकण्यात आले. पुतळ्यावरच्या त्या दोन मुलांमागे हेही प्रेत आहे, आणि फोटोत तेही नाही. खबरे पेरले गेले की संशय उगवतो आणि संशय माणसे खातो, हा कॉइंटेलप्रोचा सर्वांत क्रूर परिणाम होता. पण तो सांगायचा तर पक्षाच्या हातांनी सांडलेल्या रक्ताकडे सरळ पाहावे लागते. न्यूटनच्या उत्तरायुष्याचेही तसेच. कोकेन, दहशत, आणि १९८९ मध्ये ओकलंडच्याच रस्त्यावर गोळी लागून मृत्यू. डिलनची तबकडी धरलेल्या त्या प्रसन्न माणसापासून इथवरची वाट फोटो दाखवत नाहीत. शेम्स १९७३ मध्ये थांबतात, हे त्यांच्यापुरते प्रामाणिक आहे. मात्र ग्रंथ २०१६ सालचा आहे, आणि एप्रिल १९७२ पासून ४३ वर्षे एकांतकोठडीत काढलेला पँथर अल्बर्ट वुडफॉक्स त्याच वर्षी सुटला होता, २७ वर्षे डांबलेल्या जेरोनिमो प्रॅट या दुसऱ्या पँथरची शिक्षा तर १९९७ मध्येच रद्द ठरली होती. दडपशाहीची ही लांब शेपटी हे तिचे खरे मोजमाप आहे, आणि तिच्यासाठी वाचकाला दुसरीकडे जावे लागते.

स्त्रियांविषयीही तेच म्हणेन. न्याहारीची भांडी, शाळेचे वर्ग, वृत्तपत्राचे गठ्ठे या सगळ्यांत त्या दिसतात, पण त्यांच्याविषयीची उत्सुकता इथे पुरी भागत नाही. शेम्स यांनाही ते जाणवले असावे, कारण २०२२ मध्ये एरिका हगिन्स यांच्यासोबत त्यांनी पँथर स्त्रियांवर वेगळा ग्रंथ केला. दोन्ही घेणे परवडत असेल तर दोन्ही घ्यावेत. एकच घ्यायचा असेल तर इतिहासाची ओळख नसलेल्याने इथून सुरुवात करावी. ज्याला घटनाक्रम आधीच ठाऊक आहे त्याने थेट स्त्रियांवरच्या ग्रंथाकडे जावे. ‘पॉवर टू द पीपल’ची जुनी प्रत घासाघीस करून मिळत असेल तर जरूर घ्यावी, फक्त विक्रेत्याला जाड खोक्यात पाठवायला बजावून सांगावे. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनी तर तो ठेवायलाच हवा, आणि शक्यतो कुलुपाच्या कपाटात नव्हे.

शेवटच्या पानांकडे १९७३ चा बॉबी सील आहे, ओकलंडच्या महापौरपदाचा उमेदवार. चामडी जाकीट गेले, अंगात सूट आला. तो बसमध्ये चढून प्रवाशांकडे मते मागतो आहे. पहिल्या फेरीत तो दुसऱ्या क्रमांकावर आला आणि अंतिम फेरीत विद्यमान महापौराकडून हरला. ही पाने पाहताना काकांनी मला विचारले, “मते किती पडली?” मी म्हटले, “हरला, पण चाळीस हजारांच्या वर पडली असावीत.” त्यांनी ग्रंथ मिटला नाही, बोट तिथेच ठेवून ते पुन्हा मागे, बुटांच्या त्या ओळीपाशी गेले.